वाढवलं कुणी, नेलं कुणी

विजय हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्याला बडोद्याच्या गोलंदाजीवर नाबाद ३१६ धावा कुटल्या. रणजी करंडकातलं ते पहिलंवहिलं त्रिशतक. हजारे मूळचे सांगलीचे, तेव्हा महाराष्ट्राकडून खेळायचे. त्याच हंगामात प्रा. दि. ब. देवधरांच्या हाताखाली महाराष्ट्रानं करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून तो राखला. देवधर त्या वेळी पन्नाशीला टेकले होते. त्यानंतर? त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राच्या वाट्याला रणजी करंडक आलेला नाही. १९९२-९३ ला अंतिम सामन्यात पंजाबनं अडवलं, २०१३-१४ ला कर्नाटकनं. आणि हजारे? ज्या बडोद्याला त्यांनी झोडलं, ते बडोदाच त्यांना घेऊन गेलं.

यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. बडोद्याच्या महाराजांनी पोटापाण्याची सोय केली, मान दिला, खेळायला मोकळीक दिली. हजाऱ्यांनीही ऋण फेडलं. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमदबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली, त्यात त्यांच्या स्वतःच्या २८८. पण असला फलंदाज ज्या मैदानांवर घडला त्या मैदानांच्या पदरात काय पडलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

इंदूरच्या होळकरांचा हात याहून लांब. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ पासूनच त्यांच्या पदरी होते. लोक त्यांना कर्नल म्हणत ते त्यामुळंच. चंदू सरवटे महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडून खेळून तिकडं गेले. (सरवटे कायद्याचे पदवीधर आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. असा लेगस्पिनर पुन्हा झाला नसेल.) खंडू रांगणेकर गेले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर तर बडोदा, होळकर, महाराष्ट्र असे फिरतच राहिले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चारदा जिंकला. त्या यशात आमच्या इकडच्या मैदानांचा वाटा किती, ते विजेत्यांच्या यादीत दिसत नाही.

मी जांब समर्थचा. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. आयुष्य गेलं पंचक्रोशीतल्या शाळांत पीटी शिकवण्यात. आमच्या भागात मास्तर दोन प्रकारचे, गणिताचा आणि बाकीचे. पीटीचा त्या बाकीच्यांतही शेवटचा. क्रिकेट पोरं आपोआप खेळतात, त्याला मास्तर लागत नाही. मी शिकवायचो सॉफ्टबॉल, आणि पुढं शालेय स्पर्धांमुळं बेसबॉल. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा आणि खांद्याखालून फेकायचा, बेसबॉलचा लहान आणि खांद्यावरून. बाकी गंमत तीच: दांडूनं मारायचं आणि चार कोपऱ्यांच्या चौकोनात धावून घरी परत यायचं. आमच्या पोरांना हे पटकन जमतं, कारण दगड फेकून कैरी पाडण्यात सगळ्यांचा हात बसलेला. पुस्तकं मिळत नव्हती तेव्हा मी जुन्या क्रीडा मासिकांतून आणि नंतर पोराच्या मोबाइलवरून जपानचा बेसबॉल बघायला लागलो, आणि त्या नादाचा नंतर रोगच झाला.

एक पोरगा सांगतो. आईबाप ऊसतोडीचे, दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात. पोरगा आजीपाशी. सातवीत असताना त्यानं पटांगणाच्या कडेच्या लिंबाखालून चेंडू फेकला तो सरळ घरच्या पाटीवर (होम प्लेटवर) आला, टप्पा न पडता. मी त्याला म्हटलं, ‘पुन्हा टाक.’ त्यानं पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा सांगितलं तर म्हणाला, ‘सर, भूक लागली.’ त्या पोराला मी दोन वर्षं घडवलं. मनगट कसं ठेवायचं, चेंडूच्या शिवणीवर बोटं कुठं, पुढचा पाय कुठं टाकायचा. माझी बायको त्याला भाकरी बांधून द्यायची. नववीत एका शहरातल्या संस्थेनं त्याला स्पर्धेत पाहिला आणि उचलला. राहणं, खाणं, बूट, सगळं देतो म्हणाले. दिलंही. मी त्याच्या बापाला फोन लावला, तो फडावर होता. म्हणाला, ‘मास्तर, पोरगं तिकडं दोन वेळ जेवंल का, तेवढं बघा.’ जेवणार होतं. मग मी कशाला अडवू? पुढं तो राज्याकडून खेळला, आता नोकरीला आहे, बापाचा कोयता सुटला. माझ्या शाळेला त्या संस्थेकडून एक चेंडू आला नाही, आभाराची चिठ्ठी आली नाही. वर्तमानपत्रात आलं तेव्हा त्यांच्याच नावानं आलं.

आता आमच्या भागात मुकादम कोयत्याची जोडी न्यायला आला तरी आधी उचल देतो. ती पद्धत वाईटच आहे, तिच्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या अडकतात. पण माणूस नेताना मागं काहीतरी ठेवावं लागतं, एवढं मुकादमालाही कळतं. खेळाडू नेणाऱ्याला ते कळत नाही.

जपानला मात्र ते कळलं, आणि तेही सहज नाही, भांडून.

तिथं बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटच. बारा व्यावसायिक संघ, सहा-सहाच्या दोन लीग; दोन लीगची पद्धत १९५० पासूनची. संघ कंपन्यांच्या मालकीचे: टोकियोचा योमिउरी जायंट्स वर्तमानपत्राचा, ओसाकाकडचा हानशिन टायगर्स रेल्वे कंपनीचा. त्याखाली शाळा. शाळांची उन्हाळी स्पर्धा १९१५ पासून चालू आहे आणि १९२४ पासून ती कोशिएन नावाच्या मैदानावर होते. साऱ्या देशाचे टीव्ही तिच्यावर लागलेले असतात आणि हरलेली पोरं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. पीटीच्या मास्तराला त्या देशात केवढा मान असेल, याचा विचार करूनच मला बरं वाटतं.

आणि समोर अमेरिका. पैसा तिथं, नाव तिथं. १९६४ मध्ये नानकाई हॉक्स या संघानं मासानोरी मुराकामी नावाचा एकोणीस वर्षांचा गोलंदाज शिकायला म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडं पाठवला. त्यांनी त्याला त्याच हंगामात मुख्य संघात खेळवलं, आणि परत द्यायची वेळ आली तेव्हा करारातल्या एका कलमावर बोट ठेवून म्हणाले, हा आता आमचा. जपानमध्ये गदारोळ झाला. शेवटी तडजोड झाली: १९६५ चा हंगाम तिकडं खेळून मुराकामी परत आला, आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या खेळाडूंना हात लावायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर तीस वर्षं एकही जपानी खेळाडू तिकडच्या मुख्य लीगमध्ये दिसला नाही.

दार बंद केलं की माणूस खिडकी शोधतो. हिदेओ नोमो या गोलंदाजाला किंतेत्सू बफेलोज सोडायचं होतं. त्याच्या एजंटानं नियमांचं पुस्तक चाळून काढलं: निवृत्त झालेला खेळाडू जपानात परत खेळणार असेल तर जुन्या संघाचाच, पण देशाबाहेर खेळणार असेल तर काय, यावर नियम गप्प होता. नोमो निवृत्त झाला आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळायला उभा राहिला. चेंडू टाकण्याआधी तो फलंदाजाकडं पूर्ण पाठ करायचा, म्हणून त्याच्या शैलीचं नाव वावटळ पडलं. त्या वर्षी त्याच्या लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू तोच ठरला. किंतेत्सूला काय मिळालं? आमच्या शाळेला मिळालं तेवढंच.

मग १९९८ मध्ये दोन्हीकडच्यांनी बसून एक पद्धत ठरवली, तिला पोस्टिंग म्हणतात. खेळाडू नऊ हंगाम खेळला की तो मोकळा, कुठंही जावं, जुन्या संघाला काही देणं नाही. त्याआधी जायचं असेल तर त्याच्या संघानं त्याला ‘लावायचा’, म्हणजे बाजारात जाहीर करायचा. जो अमेरिकी संघ घेईल त्यानं खेळाडूला पगार द्यायचा तो वेगळा आणि जुन्या संघाला किंमत मोजायची ती वेगळी. सुरुवातीला बंद पाकिटातून बोली लागायची. इचिरो सुझुकी २००१ च्या हंगामासाठी ओरिक्स संघातून सिएटलला गेला तेव्हा ओरिक्सला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाकासाठी बॉस्टननं सेइबू लायन्सला भरलेली बोली होती ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि वर अकरा सेंट. पाकिटात असला आकडा लिहिणारा कारकून जालन्याच्या मोंढ्यात सहज खपला असता.

पुढं अमेरिकी संघ कुरकुरले, तेव्हा २०१३ मध्ये जास्तीत जास्त २ कोटी डॉलरची मर्यादा आली. शोहेई ओतानी त्या दरानं निप्पॉन-हॅमकडून गेला. म्हणजे जवळजवळ फुकट. आता टक्केवारी आहे: कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटीवर साडेसतरा, त्यावर १५. डिसेंबर २०२३ मध्ये योशिनोबू यामामोतोनं डॉजर्सशी १२ वर्षांचा साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा त्याच्या ओरिक्स बफेलोजला ५ कोटींहून अधिक डॉलर मिळाले. तोच यामामोतो २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिकडच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण पैसे आले म्हणजे भरून निघतं असं नाही. ओरिक्सनं २०२१ पासून सलग तीन वर्षं आपली लीग जिंकली होती. यामामोतो गेल्यावर २०२४ मध्ये संघ सहातला पाचवा. आणि रोकी सासाकीचं प्रकरण तर ताजं आहे. हा रिकुझेनताकाता गावचा, २०११ च्या त्सुनामीत त्याचे वडील गेले. वीस वर्षांचा असताना, एप्रिल २०२२ मध्ये, त्यानं एका सामन्यात समोरच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकदाही पहिल्या कोपऱ्यावर पोचू दिलं नाही. पंचविशीच्या आत गेलेल्याला अमेरिकेत शिकाऊ मानतात आणि त्याच्या करारावर कडक मर्यादा असते, त्यामुळं संघाला मिळणारी रक्कमही चिमूटभर. दोन वर्षं थांबला असता तर त्याच्या चिबा लोट्टे संघाला यामामोतोसारखे पैसे मिळाले असते. तो थांबला नाही. जानेवारी २०२५ मध्ये ६५ लाख डॉलरवर डॉजर्सकडं गेला आणि लोट्टेला मिळाले सुमारे १६ लाख. संघानं नाही म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं, पण त्यांनी त्याला जाऊ दिलं. लोट्टेच्या चाहत्यांना हे लागलं. मला विचाराल तर मी लोट्टेच्या बाजूचा. पण तो पोरगा माझा असता तर मीही त्याला बॅग भरून दिली असती, हेही खरंच.

लोक विचारतील, मग जपानची लीग ओस पडली का? नाही. २०२४ मध्ये तिथल्या बारा संघांच्या सामन्यांना अडीच कोटींहून अधिक प्रेक्षक आले. ओतानी पहाटे फोनवर बघायचा आणि संध्याकाळी आपल्या गावच्या संघासाठी ढोल वाजवायला जायचं, असं तिथलं आहे. आपल्याकडं रणजीच्या सामन्याला राखणदाराला धरून किती माणसं असतात ते वेगळं सांगायला नको.

परदेशानं नेलेला आपला मराठी खेळाडू म्हटलं की मला सुभाष गुप्ते आठवतात. मुंबईचे, लेगस्पिनर. ३६ कसोटींत १४९ बळी. कानपूरला १९५८ मध्ये वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ. सोबर्ससारखा माणूस त्यांना सर्वांत थोर लेगस्पिनर मानायचा. त्या काळात आपल्या कसोटीवीरांना पैसे जेमतेम, म्हणून उन्हाळ्यात इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये जाऊन खेळायचं. प्रत्येक क्लबला एक पगारी खेळाडू. त्यानं अर्धशतक काढलं की मैदानातून टोपी फिरायची आणि प्रेक्षक नाणी टाकायचे. गुप्ते रिशटनला, हजारे रॉटनस्टॉलला, विनू मांकड हॅस्लिंग्डनला. १९५२ मध्ये बोर्डानं मांकडना इंग्लंड दौऱ्याची हमी दिली नाही, त्यांनी हॅस्लिंग्डनचा करार केला. लीड्सला पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे शून्यावर चार गडी बाद झाले, कर्णधार आमचे हजारेच. मग बोर्ड क्लबच्या दारात. क्लबनं सोडलं, आणि मांकडनी लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा काढल्या, इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले.

गुप्ते मात्र कायमचे गेले. १९६१ च्या डिसेंबरात दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतल्या सोबत्यानं, कृपालसिंगनं, हॉटेलच्या स्वागतिकेला फोन केला. तिनं तक्रार केली. गुप्त्यांनी फोन केला नव्हता, पण खोली त्यांचीही होती, म्हणून दोघांनाही संघाबाहेर काढलं. वय ३२. त्यांची पत्नी त्रिनिदादची होती. ते तिकडं गेले, साखर कंपनीत नोकरी धरली आणि २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वारले. त्यांना अमेरिकेनं बोली लावून नेलं नव्हतं. आपणच बाहेरचा रस्ता दाखवला. जाणाऱ्याच्या नावानं बोटं मोडण्याआधी हे आठवावं.

तसं जांबच्या माणसानं जाणाऱ्यावर रुसणं शोभतही नाही. आमच्या गावातून बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेलेल्या पोराच्याच नावानं गाव ओळखलं जातं. समर्थ रामदासांची तपश्चर्या नाशिकजवळ टाकळीला, कार्य चाफळला, समाधी सज्जनगडावर; आमच्याकडं जन्मस्थान आणि रामनवमीचा उत्सव. त्यांनी गावोगाव मारुती बसवून पोरांना जोर-बैठका काढायला लावल्या, म्हणजे आमच्या खात्याचे आद्यपुरुष तेच. रुसवा जाण्याचा नाही, हिशेबाचा आहे.

हिशेब अवघड असतो असं म्हणणाऱ्यांसाठी फुटबॉलचं उदाहरण आहे. खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडं पैसे मोजून गेला की त्या रकमेतले ५ टक्के, बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबनं त्याला शिकवलं त्यांच्यात वाटले जातात. कुठल्याशा खेड्यातल्या क्लबलाही त्याचा वाटा जातो. आपल्या क्रिकेटमध्ये राज्य बदलायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि बस्स. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालनं मुंबईकडं गोव्यासाठी ते मागितलं, महिन्याभरात विचार बदलला. पृथ्वी शॉनं त्याच वर्षी मुंबई सोडून महाराष्ट्र धरला. मुंबईकरांना जैस्वाल जाणार म्हटल्यावर वाईट वाटलं ते साहजिक, पण तो मुळात उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा. तिथं त्याच्या हातात पहिली बॅट कुणी दिली, हे प्रमाणपत्रावर येत नाही. आमच्या जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, पुढं १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं. धावफलकावर नाव महाराष्ट्राचं. ते योग्यच आहे. जालन्याचंही कुठं तरी यावं एवढंच.

माझी मागणी मोठी नाही. त्या ना हरकत अर्जावर आणि लिलावाच्या करारावर एक रकाना वाढवावा: शाळा कोणती, मास्तर कोण. रकमेच्या अर्ध्या टक्क्यानंसुद्धा आमच्यासारख्या शाळेचं वर्ष निघेल. लाल मातीच्या पटांगणावर चेंडूची शिवण आठवड्यात उसवते, ग्लोव्हचं चामडं पावसाळ्यात बुरशी धरतं, आणि जिल्हा स्पर्धेला पोरांना परतूरहून रेल्वेनं न्यायचं की टमटमनं, हे शेवटच्या दिवशी वर्गणीवर ठरतं.